कव्हरवरचे पाच शब्द

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आपण आपलं काम करत बसावं, ते आपले आपण येऊन बसतात. माझं डीटीपीचं दुकान मांडवीच्या बाजूला, एका चढाच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून दोन माडांच्या मधे समुद्राची हातभर पट्टी दिसते. लग्नपत्रिका, अर्ज, भजनी मंडळाचे बॅनर असलं काम कधी असतं, कधी नसतं. दुपारी बाजार पेंगायला लागला की मीही त्या पट्टीकडे बघत अर्धी झोपेत, अर्धी जागी असते. आणि नेमके तेव्हाच लोक येतात, खुर्ची ओढतात आणि काहीतरी सांगून जातात. एक आठवला की त्याला चिकटून दुसरा येतो.

हे सगळे एकाच पुस्तकाचे. होडीचं डिझेल इंजिन कसं सांभाळायचं याचं पुस्तक. आम्ही पाच जणांनी केलं, शनिवारच्या दुपारी बसून बसून. त्यातल्या एकालाही पुस्तक करायचं नव्हतं, हे आधीच सांगते!

*

रफिकभाईंचा उभा जन्म मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. त्या दिवशी ते माझ्याकडे मुलीच्या लग्नाची पत्रिका बघायला आले होते. सावंत सर लॅमिनेशनसाठी थांबले होते. ते आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवून रिटायर झालेले. माझी भाची मृणाल कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण घरून काम करते आणि घरी लाइट गेली की माझ्याकडे येते.

रफिकभाईंचा फोन वाजला. समुद्रातून होता. इंजिन नीट चालत नाही म्हणे.

"फोन इंजिनाजवळ धर," रफिकभाई म्हणाले, आणि मला खुणेने पंखा बंद करायला सांगितला.

पंखा थांबला. फोनमधून घरघर येत होती. रफिकभाईंनी डोळे मिटले. आम्हीही का कोण जाणे मिटले! मिनिटभर त्या खोलीत फक्त लांबच्या पाण्यावरचं इंजिन होतं.

"तीन नंबरचा इंजेक्टर काढून साफ कर," ते म्हणाले.

पाव तासाने पुन्हा फोन आला. होडी व्यवस्थित चालली होती. सावंत सर उभेच राहिले.

"तुम्हाला कळलं कसं?"

"सहा सिलिंडरचं इंजिन. सहा जण बोलत होते," रफिकभाई म्हणाले, "तिसरा खोकत होता."

सर खाली बसले. "मी एवढी वर्षं शिकवलं, हे कुठल्या पुस्तकात नाही!"

मृणालने लॅपटॉपवरून मान वर केली. "मग घाला की पुस्तकात."

*

झालं! सावंत सर लिहिणार, रफिकभाई सांगणार, मी टाइप करणार, असं ठरलं. प्रूफं बघायला नलूताई आल्या. त्यांनी शाळेत मराठी शिकवलेलं, आणि दुकानाच्या पाट्यासुद्धा त्या लाल पेनाने वाचतात.

मृणालने एक अट घातली. पुस्तक मुक्त परवान्याखाली काढायचं. म्हणजे कोणीही त्याची कॉपी करावी, वाटावं, त्यात बदल करावे, विकलं तरी चालेल. फक्त पुढच्या माणसाला तीच मोकळीक द्यायची, अडवायचं नाही.

रफिकभाईंनी दोनदा समजून घेतलं.

"कॉपी करायची परवानगी?"

"हो."

"विकायची पण?"

"हो, भाई."

"सगळंच करू दिलं," रफिकभाई काळजीने म्हणाले, "तर मग चोरांनी काय करायचं?"

*

आता गंमत अशी, की या परवान्यात लेखकाला एक छोटासा हक्क आहे. पुढच्या कव्हरसाठी तो काही शब्द ठरवून देऊ शकतो. मागच्या कव्हरसाठीही. शंभरावर प्रती कोणी छापल्या, तर त्या प्रत्येक कव्हरवर ते शब्द आलेच पाहिजेत. मग तो छापणारा देशात कुठेही असो, त्याने आतलं अर्धं पुस्तक बदललेलं असो! मात्र त्याला मर्यादा आहे. पुढे फार तर पाच शब्द. मागे फार तर पंचवीस.

"पाच?" सावंत सर म्हणाले. "पाचात माझं पहिलं वाक्यसुद्धा सुरू होत नाही."

हे खरं होतं. टाइप मीच करत होते.

पुढच्या शनिवारी सर कागद घेऊन आले. चेहऱ्यावर विजय! कागदावर लिहिलं होतं: 'मत्स्यनौकाडिझेलइंजिनदेखभालदुरुस्तीमार्गदर्शिका'.

"एकच शब्द आहे," सर म्हणाले. "समास केलाय. चार अजून शिल्लक!"

नलूताईंनी कागद हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि बोट फिरवत फिरवत शेवटापर्यंत गेल्या. मधे एकदा श्वास घ्यायला थांबल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "हा शब्द नाही. ही कोकण रेल्वेची मालगाडी आहे. हिला बोगदा लागेल, कव्हर नाही पुरायचं."

*

मग एक कार्यकर्ता आला. पांढरा शर्ट, हातात पेन ड्राइव्ह. कोणाचा ते सांगत नाही. साहेबांना पुस्तकाबद्दल कळलं होतं. साहेब स्वतः हजार प्रती छापून देणार होते.

"कव्हरवर फक्त साहेबांचं नाव हवं. बाकी आपलं काही म्हणणं नाही."

मृणालने त्याला पाच शब्दांचं सांगितलं. तो खूश झाला. पाच म्हणजे भरपूर!

"सांगा," नलूताई पेन उघडून म्हणाल्या. "मी मोजते."

"कार्यसम्राट," त्याने सुरुवात केली, "विकासपुरुष, मच्छीमार बांधवांचे कैवारी..."

"थांबा," नलूताई म्हणाल्या. "पाच झाले."

"पण साहेबांचं नाव अजून यायचंय!"

"मग यातलं काहीतरी काढा."

त्याला कार्यसम्राट काढवेना, कैवारीही काढवेना. बाहेर जाऊन फोन केला, परत आला. खिडकीतून वारा येत होता, त्याच्या कपाळावर तरीही घाम.

"ताई," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "असं करा. नाव राहू द्या. बाकीचं छापा!"

*

तो गेल्यावर आम्ही खूप हसलो. रफिकभाई नाही हसले. त्या दिवशी ऊन पिवळं, मऊ पडलं होतं, पट्टीतला समुद्र अगदी स्थिर, खिडकीवर चित्र चिकटवावं तसा दिसत होता.

"भाई, पुस्तक तुमचं," नलूताई म्हणाल्या, "आणि तुम्हीच काही सुचवलं नाहीत."

रफिकभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"माझा मोठा भाऊ," ते म्हणाले. "माझा उस्तादपण तोच. आज मला जे येतं ते सगळं त्याचं. एकदा होडी परत येत होती, किनारा दिसत होता, आणि इंजिन बंद पडलं. भाई खाली उतरला इंजिनाशी. वर चौघे होते. ते पण भाईकडेच बघत बसले. त्याच्यावर भरवसा केवढा! भाई असला की इंजिन चालू होणारच."

"आणि झालं नाही?" सरांनी विचारलं.

"झालं ना. भाईने चालू केलं. आवाज आला तेव्हा हसला म्हणे." त्यांनी पट्टीतल्या समुद्राकडे बघितलं. "पण तोवर वाऱ्याने होडी खडकावर आणली होती. वरचे पोहून आले. भाई खाली होता."

पंखा फिरत होता.

"नांगर होता होडीत," रफिकभाई म्हणाले. "नवा दोर होता. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाका, होडी जागेवर राहील, मग काय ते उघडा. एवढं एकच आहे. बाकी सगळं पुस्तक त्याच्यानंतर."

नलूताईंनी ते कागदावर लिहिलं. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाका. सात शब्द. त्यांनी लाल पेनाने 'पडलं' खोडलं. 'तर' खोडलं. मग मृणालला विचारलं, "प्रश्नचिन्ह शब्दांत मोजत नाहीत ना?"

"नाही, ताई."

'इंजिन बंद? आधी नांगर टाका.'

मी ते स्क्रीनवर घेतलं आणि अक्षर मोठं केलं. रफिकभाई म्हणाले, अजून मोठं करा. मी केलं. ते म्हणाले, अजून.

*

मागच्या कव्हरचे पंचवीस शब्द नलूताईंनी एकट्यानेच लिहिले. तीन शनिवार लागले. मग वाचून दाखवले:

'हे पुस्तक आमचं आहे, म्हणून तुमचंही आहे. वाचा, उतरवून घ्या, शेजारच्या होडीला द्या. समुद्र मोठा आहे, घरी परत येण्याची विद्या कोणी एकट्याने ठेवू नये.'

मृणालने मोजले. चोवीस भरले. एक शिल्लक!

सगळ्यांना तो एक शब्द हवा झाला. सरांना 'धन्यवाद' घालायचा होता. मृणाल म्हणाली, 'कृपया' घाला. मी हळूच माझ्या दुकानाचं नाव सुचवलं, तर कोणी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"राहू दे मोकळा," नलूताई म्हणाल्या.

"वाया जाईल ना, ताई!"

"मी शाळेत इतकी वर्षं मुलांना सांगितलं, जागा आहे म्हणून लिहू नका," त्या म्हणाल्या. "एकानेही ऐकलं नाही. आज मी स्वतःचं तरी ऐकते."

*

पुस्तक बंदरातल्या लोकांनीच छापलं. हळूहळू गावोगाव गेलं. गणपतीपुळ्याला पर्यटकांना होडीतून फिरवणारे एक दिनूशेठ आहेत. त्यांना ते त्यांच्या माणसांसाठी छापून हवं होतं. पण कव्हर बघून ते दचकले.

"इंजिन बंद? हे असं होडीत ठेवलं तर पर्यटक चढतील का? काढा हो ते!"

"काढता येत नाही," मृणाल म्हणाली. मग तिचा स्वभाव प्रामाणिक म्हणून पुढचंही सांगितलं. "मात्र शंभरपर्यंतच छापल्यात तर कव्हरवर घालायची सक्ती नाही."

दिनूशेठ लगेच प्रेसमध्ये गेले आणि भीती नको म्हणून नव्व्याण्णव छापून आणल्या. कव्हर निळंशार, वर काहीच नाही.

महिन्याने ते माझ्या दुकानात आले. जिना चढून धापा टाकत होते.

"काय झालं हो?"

"पुण्याची एक पार्टी आली. होडी भरली, निघणार, तेवढ्यात एका बाईने होडी चालवणाऱ्या आमच्या तांडेलाला विचारलं, इंजिन बंद पडलं तर काय करता? आता तो वल्ह्याच्या होड्या होत्या तेव्हापासून समुद्रात आहे, पण असं कोणी तोंडावर विचारलं की सुचतं का? तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. बाई उतरल्या. त्यांच्यामागून सगळी होडी रिकामी!"

"मग आता?"

"आता दोनशे छापायच्या. ते पाच शब्द टाका. आणि ताई," त्यांनी हातानेच माप दाखवलं, "तांडेलाला लांबून वाचता येतील एवढे!"

*

संगमेश्वरच्या आतल्या गावात गंगारामदादा म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांना यंत्रांचा नाद. स्वतःचा पॉवर टिलर तर दुरुस्त करतातच, आख्ख्या वाडीचे करतात. आमचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. त्यांनी होडीच्या पंख्याचं, खाऱ्या पाण्याचं प्रकरण काढून टाकलं, भातखाचराचं आणि चिखलाचं घातलं, नाव बदलून 'पॉवर टिलरची निगा' केलं. परवान्यात हे सगळं बसतं. नाव तर बदलायलाच लागतं.

आम्हाला केवढं कौतुक वाटलं! पण दादांचा मृणालला फोन आला, जरा अडखळत.

"ताई, सगळा झकास झाला हाय. फकस्त कव्हरावरचा तेवढा काढू काय? इंजिन बंद, आधी नांगर टाका, हा वाचून लोक इचारतात, दादा, टिलर बंद पडला म्हणून नांगर टाकून द्यायचा? शेतीच सोडायची काय?"

मृणाल कपाळाला हात लावून बसली. होडीचा नांगर आणि शेतातला नांगर! आम्हा पाच जणांत, त्यात एक मराठीच्या बाई, एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि नियम नियम. शब्द काढता येत नव्हते. दादांनी नाइलाजाने तसंच छापलं.

लावणीच्या दिवसांत त्यांचा पुन्हा फोन. मागे पाऊस आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, तो मजकूर ऱ्हाऊ दे हां! आज खाचरात टिलर रुतला नि बंद पडला. चार जण ओढतायत, जागचा हलेल तर शपथ. आमची मंडळी बांधावर पुस्तक घेऊन उभी. ती वरडली, अवो, वर लिव्हलाय काय? आधी नांगर टाका! मग मागचा नांगर सोडवून बाजूला टाकला. वजन गेला, टिलर वर आला, एका झटक्यात चालू!"

"वा, दादा!"

"पन ताई, येक सांगा. तुमी समुद्रावरली माणसां. तुमाला आमच्या खाचरातला कळला कसा?"

*

आणि हा अलीकडचा.

पोस्टाने हर्णैहून एक जाड पाकीट आलं. तिथल्या बंदरातल्या एका मेकॅनिकने आमचं पुस्तक सुधारून छापलं होतं. आम्ही त्याला ओळखत नव्हतो. परवान्यात असंही आहे, की पुस्तकात बदल केलात तर कोणी केला, काय केला, ते शेवटी इतिहासाच्या पानावर लिहायचं. बहुतेक लोक एक ओळ लिहितात. या गृहस्थाने पान भरलं होतं.

शनिवार होता, दुपार होती. सगळे होते. रफिकभाई खिडकीशी, कारण तिथे वारा लागतो. त्यांना मराठी वाचायचं तर सावकाश वाचावं लागतं, म्हणून नलूताई मोठ्याने वाचत होत्या.

"'प्रकरण सात. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायचा क्रम उलटा छापला गेला होता, तो सरळ केला. आधी फिल्टर, मग पंप, शेवटी इंजेक्टर.'"

सावंत सरांनी झटकन आमच्या प्रतीतलं प्रकरण सात उघडलं. वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"'चूक मी शोधलेली नाही,'" नलूताई पुढे वाचू लागल्या. "'मी जेटीवर एका होडीत पुस्तक उघडं ठेवून काम करत होतो. एक अनोळखी म्हातारा येऊन उभा राहिला. अंगावर नवे कपडे, अत्तराचा वास. म्हणाला, उलट करतोयस. मी म्हटलं, पुस्तकात असंच आहे. म्हणाला, मग पुस्तक चुकलंय. मला राग आला. मी बोललो, चाचा, हे रफिकभाईंनी सांगितलेलं पुस्तक आहे, त्यांच्याइतकं इंजिन सबंध किनाऱ्यावर कोणाला कळत नाही, तुम्ही मधे बोलू नका. तो गप्प बसला. पण गेला नाही. होडीत उतरला आणि मला हत्यारांच्या पेटीतून पाने काढून देऊ लागला. मी मागायच्या आधी बरोबर पाना हातात. तासभर इंजिन चालू झालं नाही, तेव्हा मी त्याच्या क्रमाने करून बघितलं. झालं. मी नाव विचारलं. म्हणाला, लग्नाला आलोय. आणि गेला.'"

नलूताईंनी पान खाली केलं.

रफिकभाई मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला हर्णैला गेले होते. त्यांच्या बायकोने मला स्वतः सांगितलं होतं, की नव्या कुर्त्याला ग्रीस लावून आले आणि कुठे लागलं ते काही केल्या सांगत नाहीत.

आम्ही सगळे खिडकीकडे बघायला लागलो. रफिकभाई बाहेर बघत होते. माडांच्या मधल्या पट्टीतून एक होडी अगदी सावकाश चालली होती.

सरांनी चष्मा काढला. "भाई, तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं. लिहिताना मी उलटं लिहिलं. तुम्ही तिथे त्याला म्हणायचंत तरी, की मीच तो!"

रफिकभाई ती होडी पट्टीतून दिसेनाशी होईपर्यंत थांबले. मग मान वळवून नलूताईंना म्हणाले,

"ताई, ते सबंध किनाऱ्याचं आहे ना, तेवढं परत वाचा."